वीज आम्हाला, धूर त्यांना



गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका कौटुंबिक बैठकीत बुद्धवंदना आटोपली होती, स्वयंपाकघरातून वरणाच्या फोडणीचा वास येत होता आणि पाने वाढली जाण्यापूर्वीच्या मोकळ्या वेळात एक छापील कागद हातोहात फिरू लागला. आमची काही कुटुंबे ज्या उपनगरात राहतात, त्याच्या हद्दीवरील मोकळ्या जागेत विजेच्या ग्रिडसाठी बॅटऱ्यांचे एक मोठे साठवण केंद्र नियोजित आहे. त्यास आमचा विरोध असून ते "योग्य अशा अन्य ठिकाणी" हलवावे, अशी नगर मंडळाला विनंती त्या कागदात केलेली होती. कागद घेऊन आलेले गृहस्थ आमचेच. सुशिक्षित, व्यवसायाने अभियंते, समाजकार्यात नेहमी पुढे. त्यांनी कारणे सांगितली ती तीन : अशा केंद्रांना आग लागते, आगीतून विषारी वायू पसरतो आणि आसपासच्या घरांच्या किमती उतरतात. तिसरे कारण सांगताना त्यांचा आवाज किंचित खाली आला. परंतु सह्या पडल्या त्या मुख्यतः त्याच कारणावर, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही सही केली नाही. त्यावरून बोलाचाली झाली, जेवण थंड झाले, आणि एका भगिनीने विचारले, "हे तुमच्या घराशेजारी येणार असते तर?" प्रश्न रास्त आहे. तेथे त्याचे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे केंद्र म्हणजे काय ते पाहू. वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. जितकी लागेल तितकी त्याच क्षणी निर्माण करावी लागते, हा या धंद्याचा जुना नियम. त्यातूनही माणसाने पूर्वीच वाट काढलेली आहे. सह्याद्रीत घाटघर येथे मागणी कमी असते तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवितात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज काढतात. अमेरिकेतील बॅटरी केंद्र तेच काम डोंगराविना व धरणाविना करते. भर दुपारी सूर्यापासून मिळणारी वीज उतू जाते ती भरून घ्यावयाची आणि सायंकाळी घरोघरी एअर कंडिशनर, शेगड्या व दिवे एकदम लागतात तेव्हा ती परत द्यावयाची. बाहेरून पाहणाऱ्यास बंदरातील मालवाहू कंटेनरसारख्या लोखंडी पेट्यांच्या रांगा दिसतात. त्यांचे माप दोन आकड्यांत सांगतात. मेगावॉट म्हणजे नळाची धार आणि मेगावॉट-तास म्हणजे टाकीतले पाणी. बॅटरी वीज निर्माण करीत नाही, फक्त विजेची वेळ बदलते. आमच्यातील अतिउत्साही मंडळींनी हेही ध्यानात ठेवावे.

वेळ बदलण्याचे मोल काय, ते कॅलिफोर्नियातील आपल्या कुटुंबांनी अनुभवले आहे. १४ व १५ ऑगस्ट २०२० रोजी त्या राज्यात सायंकाळी आळीपाळीने वीज तोडावी लागली. पुढे ६ सप्टेंबर २०२२ रोजी विजेची मागणी ५२,०६१ मेगावॉट या विक्रमी आकड्यास पोचली, तरी दिवे गेले नाहीत. लोकांना फोनवर संदेश पाठवून वापर कमी करण्याची विनंती केली गेली, लोकांनी ती मानली, आणि मधल्या दोन वर्षांत उभ्या राहिलेल्या बॅटऱ्यांनीही त्या सायंकाळी भार उचलला. २०२५ साली त्या राज्यातील बॅटऱ्यांची क्षमता १५ हजार मेगावॉटच्या वर गेली.

परंतु आम्हास लिहावयाचे आहे ते निवेदनातील चार शब्दांविषयी. योग्य अशा अन्य ठिकाणी. हे अन्य ठिकाण कोठे असते? ते कधीच रिकामे नसते. तेथे कोणीतरी राहत असते, त्याची मुले तेथे खेळत असतात. फक्त नगर मंडळाच्या सभेला सायंकाळी सात वाजता हजर राहण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो, कारण तेव्हा त्याची दुसरी पाळी सुरू झालेली असते.

शिवाय हे केंद्र कोठेच उभे राहिले नाही, तर विजेची ती निकडीची सायंकाळ टळत नाही. त्या सायंकाळी मग जुनी गॅसवर वा तेलावर चालणारी यंत्रे पेटविली जातात. येथे त्यांस 'पीकर' म्हणतात. वर्षातील थोडेच तास ती चालतात. परंतु चालतात ती नेमकी सर्वांत उष्ण दिवशी, म्हणजे हवा आधीच श्वास घेण्याजोगी नसते तेव्हा. अशी यंत्रे कोणाच्या खिडकीखाली बसविलेली आहेत, याचा शोध घेतला की "अन्य ठिकाणां"ची यादी आपोआप तयार होते.

न्यूयॉर्क शहरात क्वीन्सबरो पुलाच्या पायथ्याशी क्वीन्सब्रिज हाऊसेस ही १९३९ साली उभारलेली वसाहत आहे. तीन हजारांहून अधिक बिऱ्हाडे. सरकारी वसाहतींत अमेरिकेतील सर्वांत मोठी. राहणारे बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे कष्टकरी. त्यांच्या शेजारी, ईस्ट नदीच्या काठावर, रेव्हन्सवूडचे वीज केंद्र आहे. त्याची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची धुराडी मॅनहॅटनमधून दिसतात आणि पर्यटक त्यांची छायाचित्रेही घेतात. 'बिग ॲलिस' नावाचे १९६५ सालचे अजस्र जनित्र येथलेच. शहराच्या वीजनिर्मिती क्षमतेचा सुमारे पाचवा हिस्सा या एका आवारात एकवटलेला आहे. याच आवारात ३१६ मेगावॉटचे आणि आठ तास पुरेल एवढ्या साठ्याचे बॅटरी केंद्र उभारण्यास राज्याच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनने ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यता दिली. सोळा जुन्या पीकर यंत्रांची जागा ते घेणार होते. मंजुरीला पाच वर्षे उलटली तरी पेट्या आलेल्या नव्हत्या.

दक्षिण ब्राँक्सची कथा याहून बोलकी. २००१ साली न्यूयॉर्क पॉवर ऑथॉरिटीने तातडीची गरज म्हणून शहरात छोटी गॅस यंत्रे घाईघाईने बसविली. हेल गेट आणि हार्लेम रिव्हर यार्ड या दोन जागा दक्षिण ब्राँक्समध्ये, एक क्वीन्सब्रिजजवळच व्हर्नन बुलेव्हार्डवर. शहराबाहेर लाँग आयलंडवर एक जागा निवडली ती ब्रेंटवूडची. तेही लॅटिन अमेरिकी वंशाच्या कष्टकऱ्यांचे गाव. व्यवस्था तात्पुरती म्हणून सांगितली गेली होती. तात्पुरती या शब्दाला येथे वीस वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. दक्षिण ब्राँक्समधील मॉट हेवन या भागास दम्याची गल्ली असे नाव पडलेले आहे, आणि ते तेथील मातांनी गंमत म्हणून ठेवलेले नाही. अखेर २०२३ च्या राज्य कायद्याने ही छोटी यंत्रे २०३० अखेर बंद करावयाचे ठरले; मात्र पुरवठ्यास धोका नसेल तर, अशी पाचर त्यात मारलेली आहे.

ही पाचर कशी काम करते, ते ब्रुकलिनच्या सनसेट पार्कला विचारावे. तेथील गोवानस किनाऱ्यावर तरत्या तराफ्यांवर ठेवलेली जनित्रे आहेत. ती सत्तरच्या दशकातली. राज्याच्या प्रदूषण नियमानुसार ती मे २०२५ पर्यंत थांबावयाची होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिड चालविणाऱ्या संस्थेने हिशेब मांडला की, २०२५ च्या उन्हाळ्यात अतिउष्ण दिवशी शहरास ४४६ मेगावॉटपर्यंत वीज नऊ तास कमी पडेल. म्हणून गोवानस आणि जवळच्या नॅरोज येथील तराफे आणखी चालू ठेवावेत. नऊ तासांचा हा खड्डा एकट्या बॅटऱ्यांनी भरला असता असे आम्ही म्हणत नाही. परंतु उपनगरांतून अडविलेल्या प्रत्येक केंद्रामुळे तो भरण्यास विलंब होतो, आणि त्या विलंबाचे भाडे सनसेट पार्कमधील मुले आपल्या फुफ्फुसांनी भरतात, हे आम्ही जरूर म्हणतो. आणि याच काळात लाँग आयलंडवरील एकामागून एक टाऊनांनी बॅटरी केंद्रांना स्थगिती दिली. हिरवळ त्यांची, थंड हवा त्यांची, वीज त्यांची, तराफा मात्र सनसेट पार्कचा.

बंधूंनो, ही रचना आपण ओळखली नाही तर कोणी ओळखावी? गावकूस नावाची भिंत आपल्या वाडवडिलांनी बाहेरून पाहिलेली आहे. गावाचे मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम आपले, आणि ते नेऊन टाकण्याची जागा आपल्या वस्तीच्या अंगाला. सांडपाणी ज्या बाजूला वाहत जाई, त्या बाजूला महारवाडा. तेथे राहणाऱ्यांस कोणी विचारले नव्हते. गावाच्या दृष्टीने तेही "योग्य असे अन्य ठिकाण"च होते. आज ज्यांच्या आजोबांना त्या ठिकाणी राहावे लागले, त्यांचे नातू सातासमुद्रापार आल्यावर त्याच चार शब्दांखाली इंग्रजीत सही करतात, याचा खेद आम्हास आगीपेक्षा जास्त आहे.

नागपूरकडील वाचकांना तर दूर जावयास नको. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. १९९९ पासून चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची खास उच्चदाब वाहिनी आहे. वीज त्या तारेवरून पश्चिमेस जाते. राख चंद्रपुरातच राहते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या गावांत व शेतांत शिरले, तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी भावाला किंवा मेव्हण्याला फोन करून चौकशी केली होती. तेथे आपण धुराच्या बाजूचे आहोत. येथे वीज वापरणाऱ्याच्या बाजूला आलो, एवढाच काय तो फरक.

या देशातील कृष्णवर्णीयांनी हे फार पूर्वी ओळखले. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन काऊंटीत, जेथे बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय गरिबांची होती, विषारी पीसीबी मिसळलेली माती पुरण्यासाठी सरकारने खड्डा खणला. लोक ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिकांना अटक झाली. खड्डा थांबला नाही. पण त्या लढ्यातून पर्यावरणीय न्यायाची चळवळ जन्मली. त्यांनी विष शेजारच्या काऊंटीत पाठवा असे म्हणण्यावर समाधान मानले नाही. विष नेहमी आमच्याच दारात का येते, हा प्रश्न त्यांनी साऱ्या देशाला विचारला. आपल्या मंडळींनी मार्टिन ल्यूथर किंगांची तसबीर लावावी आणि प्रश्न मात्र सुखवस्तू उपनगराचा विचारावा, हे शोभत नाही.

आता आगीचे बोलू. कारण येथे आमचे अभियंते मित्र अगदीच चुकीचे नाहीत, आणि त्यांचा मुद्दा टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१६ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथे व्हिस्ट्रा कंपनीच्या बॅटरी केंद्रास आग लागली. ३०० मेगावॉट आणि १,२०० मेगावॉट-तासांचा तो साठा जुन्या वीज केंद्राच्या टर्बाइन-गृहात, एका बंदिस्त इमारतीत, रचून ठेवलेला होता. सुमारे १,२०० लोकांना घरे सोडावी लागली, महामार्ग बंद झाला आणि निम्म्याहून अधिक बॅटऱ्या जळाल्या. आग विझविता येत नव्हती, ती जळून संपण्याची वाट पाहावी लागली. फेब्रुवारीत ती पुन्हा पेटली. केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने हवेत धोक्याची पातळी आढळली नाही असे सांगितले. परंतु लोकांनी घसादुखी व डोकेदुखीच्या तक्रारी केल्या, आणि जवळच्या सागरी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांना एल्कहॉर्न स्लू या खाजणाच्या चिखलात निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचे कण पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आढळले. आसपासची शेते स्ट्रॉबेरीची, आर्टिचोकची, कोशिंबिरीच्या पानांची. त्यांत वाकून काम करणारे हात मेक्सिकोतून आलेल्या मजुरांचे. याच आवारात २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आणि २०२२ च्या फेब्रुवारीत बॅटऱ्या तापून फवारे सुटल्याच्या घटना घडल्या होत्या. म्हणजे इशारा मिळालेला होता.

याच कंपनीने त्याच किनाऱ्यावर, दक्षिणेस मॉरो बे येथे, ६०० मेगावॉटचे केंद्र योजिले होते. मॉरो बे हे निवृत्त व तुलनेने सुस्थित लोकांचे समुद्रकाठचे गाव. तेथील नागरिकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्यक्ष मतदान घेऊन त्या जागेचा वापर बदलण्यावर बंधन घातले. त्यांची भीती दोनच महिन्यांत खरी ठरली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मॉस लँडिंगच्या शेतमजुरापुढे अशी मतपत्रिका कधी आली होती काय? (२०२२ च्या एका राज्य कायद्यामुळे कंपन्यांना स्थानिक मंडळास वगळून थेट राज्याच्या ऊर्जा आयोगाकडे जाता येते, म्हणून मॉरो बेच्या मतपत्रिकेचे बळही अपुरेच आहे.)

न्यूयॉर्क राज्यातही २०२३ च्या उन्हाळ्यात ईस्ट हॅम्प्टन, वॉरविक आणि कॅनडाच्या सीमेकडील लाइम या तीन ठिकाणी आगी लागल्या. त्यांत कोणी जखमी झाले नाही आणि तपासलेल्या माती-पाण्यात हानिकारक पातळीचे विष आढळले नाही, असे राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. त्याआधी २०१९ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातील सरप्राइज येथे बॅटरी-कोठीचे दार उघडल्यावर साचलेल्या वायूचा स्फोट होऊन अग्निशामक दलाचे चार जवान गंभीर जखमी झाले होते. या साऱ्याची नोंद आम्ही मुद्दाम करीत आहो.

परंतु अभियंत्याने सर्व बॅटऱ्यांना एकाच मापाने मोजू नये. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या व तत्सम वाहनांच्या बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे मृत्युमुखी पडली. ती बहुधा स्वस्त, प्रमाणपत्र नसलेल्या बॅटऱ्यांची आणि जिन्याखालच्या चार्जिंगची कहाणी होती. नियोजित केंद्राची पत्रके वाटताना त्या आगींची छायाचित्रे लावणे ही लबाडी आहे. मॉस लँडिंगच्या जळालेल्या इमारतीत निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या बॅटऱ्या होत्या आणि त्या एका छताखाली होत्या. अलीकडची बहुतेक केंद्रे लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्यांची, उघड्यावर, सुट्या पेट्यांची असतात. एक पेटी पेटली तर शेजारची पेटू नये एवढे अंतर राखून त्या ठेवतात. लोह-फॉस्फेटही जळते, त्याचाही धूर घेऊ नये. परंतु ते अधिक तापमान सोसते आणि आगीचा फैलाव रोखणे तेथे शक्य असते. दोहोंतील अंतर कंदील आणि वणवा यांतील अंतर आहे. घरात कंदील लावणारा मनुष्य वणव्याचे भय दाखवून शेजाऱ्याला अंधारात ठेवीत नाही.

कष्टकऱ्यांनीच बॅटरी मागून घेतल्याचेही उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड हे बहुसंख्य लॅटिन अमेरिकी वंशाचे, शेतमजुरांचे शहर. त्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एकामागून एक गॅस केंद्रे उभी राहिली होती, आणि त्यांत प्युएंटे नावाच्या आणखी एकाची भर घालण्याचा घाट घातला गेला. लोकांनी वर्षानुवर्षे सुनावण्यांना गर्दी केली. २०१७ मध्ये ऊर्जा आयोगाच्या समितीने परवानगी नाकारण्याची शिफारस केली. त्या गॅस केंद्राऐवजी १०० मेगावॉट आणि ४०० मेगावॉट-तासांचे बॅटरी केंद्र ठरले व २०२१ मध्ये ते सुरू झाले. ऑक्सनार्डच्या लोकांनी गॅस केंद्र शेजारच्या गावी हलवा अशी मागणी केली नव्हती. ते नकोच, त्याऐवजी दुसरे आणा, अशी केली होती.

विजेचा प्रश्न आपला नव्हे, तो तज्ज्ञांचा, असेही त्या बैठकीत कोणी म्हणाले. त्यांना परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातील एका कमी वाचल्या जाणाऱ्या पर्वाची आठवण द्यावी लागेल. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खात्याबरोबर वीज आणि पाटबंधाऱ्यांच्या नियोजनाची जबाबदारीही होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युतशक्तीविषयक धोरण समितीसमोर अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी जनित्रांच्या तपशिलापाशी न थांबता दोन गोष्टी पुढे मांडल्या : वीज कोणाच्या मालकीची असावी, आणि ती स्वस्त व मुबलक कशासाठी हवी. दारिद्र्याच्या चक्रातून जनतेची सुटका उद्योगीकरणाशिवाय होणार नाही आणि उद्योगीकरण विजेशिवाय होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे वीज ही त्यांच्या लेखी प्रथम न्यायाची बाब होती. महाडचे तळे हाही एक साठाच होता, आणि तेथेही वाद पाणी किती खोल आहे याचा नव्हता.

या दृष्टीने पाहिले म्हणजे कंपन्यांनाही मोकळे सोडता येत नाही. गुळगुळीत कागदावर हिरवी कुरणे आणि हसरी मुले छापून ही मंडळी येतात, जमीन भाड्याने घेतात, प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी छोटी कंपनी नोंदवितात आणि उद्या नुकसान झालेच तर त्या छोट्या कंपनीच्या तिजोरीत काय असेल याविषयी मौन पाळतात. आमचा विरोध निवेदनाच्या चार शब्दांना आहे. त्याचा अर्थ कंपनीच्या प्रत्येक कागदावर आमची संमती आहे असा नव्हे. आमच्या अभियंत्यांचे ज्ञान येथे कामी यावे. बॅटऱ्या कोणत्या जातीच्या आहेत? एक पेटी मुद्दाम पेटवून केलेल्या चाचणीचे अहवाल कोठे आहेत, आणि ते कंपनीच्या पगारी तज्ज्ञाखेरीज कोणी वाचले आहेत काय? पेट्यांमध्ये अंतर किती? आग लागल्यास फवारलेले पाणी कोठे वाहत जाईल? हवा मोजणारी यंत्रे कुंपणावर कायमची बसविणार की आगीनंतर आणणार? आमच्या उपनगरातील अग्निशामक दल स्वयंसेवकांचे आहे. त्यांना दरवर्षी प्रशिक्षण कोण देणार? वीस वर्षांनी केंद्र मोडताना लागणाऱ्या खर्चाची हमी रक्कम आजच नगराकडे ठेवणार काय? न्यूयॉर्क राज्याने २०२५ मध्ये अग्निसुरक्षेचे जे नवे नियम मान्य केले, त्यांत स्वतंत्र तज्ज्ञांची तपासणी, आणीबाणीचा आराखडा आणि स्थानिक दलाचे वार्षिक प्रशिक्षण यांचा अंतर्भाव आहे. म्हणजे या मागण्या अवास्तव नाहीत.

आणि एक प्रश्न, जो त्या निवेदनात कोठेही नाही आणि कंपनीच्या पत्रकातही नाही : हे केंद्र सुरू झाल्यावर कोणते पीकर यंत्र, कोणत्या तारखेस, कायमचे बंद होणार? न्यूयॉर्कच्या २०१९ च्या हवामान कायद्याने वंचित वस्त्यांना लाभाचा किमान ३५ टक्के वाटा देण्याचे बंधन घातलेले आहे. तो वाटा भाषणात न मिळता मॉट हेवनच्या हवेत मिळावा. नुसती बॅटरी बसली आणि जुने यंत्रही धूर ओकीत राहिले, तर लाभ फक्त भागधारकाचा.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. होय ताई, वरील प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली तर आमच्या घराशेजारी आले तरी चालेल. आणि ती मिळाली नाहीत तर क्वीन्सब्रिजच्या शेजारीही चालणार नाही. घराच्या किमतीविषयी विचाराल तर आमचेही घर कर्जाचेच आहे, आणि त्याचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत.

निवेदन अद्याप फिरते आहे. ज्यांनी सह्या केल्या त्यांना आम्ही दुरावलेले नाही. त्यांनी सही मागे घ्यावी असा आग्रहही नाही. एवढेच सुचविले आहे की, "अन्य ठिकाणी हलवावे" हे शब्द खोडून त्या जागी प्रश्न लिहावेत. नगर मंडळाच्या जाहीर सुनावणीत प्रत्येक नागरिकास बोलण्यास तीन मिनिटे मिळतात. आम्ही नाव नोंदविले आहे. कागद आणणाऱ्या आमच्या अभियंते मित्रांनीही नोंदविले आहे. ते विरोधात बोलणार, आम्ही वरील प्रश्न विचारणार. सभागृहाबाहेर गाडी लावण्यास जागा अपुरी असल्याने दोघे एकाच गाडीतून जाण्याचे ठरले आहे.